आधी एक रुपया

तुमच्या खात्यात कुठूनसा एक रुपया जमा झाला, तर गोंधळून जाऊ नका. कुठले तरी नाना तुम्हाला पैसे पाठवायला बसलेत, एवढाच त्याचा अर्थ.

हे नाना बहुधा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले असतात. आमचे पाटबंधारे खात्यातले. व्हॉट्सॲपवर आलेला खाते क्रमांक त्यांना चालत नाही. ते फोन करून तोंडी विचारतात, डायरीत लिहून घेतात आणि वाचून दाखवतात. ‘शेवटची शून्यं तीन की चार?’ आयएफएससी तर त्यांना तोंडपाठ: 11 अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचवं शून्य. ‘शून्यच बरं का, ओ नव्हे,’ हे ते बँकेतल्या माणसालाही बजावतात.

हसायला काय जातंय, पण नानांचं चुकत नाही. एनईएफटीचे पैसे वर्षानुवर्षं जमा व्हायचे ते निव्वळ खाते क्रमांकावर. नाव जुळतंय का, हे बघायची सक्ती बँकेवर नव्हती. एक आकडा इकडचा तिकडे झाला, की पैसे तिसऱ्याच्याच घरी. 2025 पासून पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसायची सोय झाली. ही बातमी मी मोठ्या उत्साहानं नानांना दिली. ते म्हणाले, ‘नाव दिसलं. माणूस कुठे दिसला?’

म्हणून रुपया. तो गेला की लगेच फोन. ‘आला का?’

‘आला, नाना.’

‘किती आला?’

नातेवाईक आता सरावलेत. लग्नघरी नानांचा रुपया आला, की पाचशे एकाचा आहेर यादीत आधीच मांडून ठेवतात. मागाहून येतात ते पाचशेच, कारण चाचणीचा रुपया मूळ रकमेतून वजा करायला नाना विसरत नाहीत.

परवा नातवाच्या फ्लॅटसाठी बिल्डरला दोन लाख द्यायचे होते. एनईएफटीचे पैसे भज्यांच्या घाण्यासारखे दर अर्ध्या तासाला निघतात. तेवढा वेळ जीव टांगणीला कोण लावणार? आरटीजीएस ताबडतोब पोचतं, म्हणून नाना फॉर्म भरून बँकेत हजर. काउंटरवरच्या मुलीनं आकडा दोनदा वाचला.

‘काका, हे आरटीजीएसनं नाही जायचं. कमीत कमी दोन लाख लागतात. तुम्ही 1,99,999 लिहिलेत.’

‘बरोबर आहे. एक काल गेलाय.’

‘मग आज पूर्ण दोन लाख पाठवा ना. रुपयाच तर जास्त जाईल.’

नानांनी चष्मा काढला. ‘बिल्डरकडून रुपया परत कोण आणणार? तुम्ही?’