बुलेट जागच्या जागी, स्प्लेंडर गायब

अहो वहिनी, इकडे या जरा. अशा भिंतीला लागून या हो, तिकडे जिन्यात सेक्रेटरी उभे आहेत आणि त्यांचे कान म्हणजे… जाऊ दे. ऐकलंत का? बँकवाल्यांची गाडी गेली होती! होती म्हणतेय हं मी, लक्षात ठेवा. पण बुलेट नाही, स्प्लेंडर! बसला ना धक्का? मलाही बसला. हातातलं दुधाचं पातेलं तसंच धरून गॅलरीत उभी राहिले मी.

झालं काय, सोमवारी सकाळी सहाला बँकवाले नेहमीप्रमाणे खाली उतरले. मी दूध घ्यायला बाहेर आलेली. बघते तर हे गृहस्थ पार्किंगमध्ये खाली मान घालून उभे. एक मिनिट झालं, दोन झाली. वरून त्यांची मिसेस ओरडली, "अहो, काय बघताय?" तर म्हणतात, "गाडी बघतोय." "कुठे आहे?" "तेच बघतोय." खाली नुसता तेलाचा डाग होता हो, तो तेवढा होता तिथेच होता. मला हसू आवरेना, पण वेळ काय, प्रसंग काय… पदर तोंडाला लावला आणि आत गेले.

आणि शेजारी ती बुलेट! चिरंजीवांची. तिचं कव्हरसुद्धा हललेलं नाही. तुम्हाला माहितीच आहे, त्या बुलेटची बडदास्त म्हणजे घरात आलेल्या नव्या सुनेचीही नसेल. पुढच्या डिस्कला पिवळं लॉक, खांबाला साखळी, आत कुठेतरी सिमकार्डवालं जीपीएस, आणि वर तो अलार्म. चेनची तर वेगळीच कथा. आधी हा शहाणा नुसत्या पुढच्या चाकात साखळी घालायचा. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं डोक्याला हात लावला. म्हणाला, "दादा, दोघांनी उचलून टेम्पोत टाकली तर साखळीसकट जाईल की. चेसीतून घाल आणि खांबाला बांध. आणि कुलूप असं फरशीवर लोळू देऊ नको, खाली टेकलेल्या कुलपावर हातोडा चांगला बसतो." बघा, चोराला काय सोपं पडतं ते मेकॅनिकला बरोब्बर ठाऊक!

डिस्क लॉकचं तर विचारूच नका. पहिल्याच दिवशी ऐटीत किल्ली फिरवली, गॉगल चढवला, गियर टाकला आणि लॉक काढायचंच विसरला. गाडी हातभर गेली आणि हा आडवा! आईनं घेतलेल्या झेंडूच्या पिशवीवर. आता हँडलपासून लॉकपर्यंत ती केशरी गुंडाळी वायर लावलेली असते ना, ती शोभेची नाही, आठवणीची आहे.

तर काय सांगत होते… हां, स्प्लेंडर. 2011ची हो ती. बँकवाले नेहमी म्हणायचे, "माझ्या खटाऱ्याला कोण हात लावतोय?" चावी झिजून झिजून अशी झालेली की गेल्या वर्षी पोस्टासमोरून हे दुसऱ्याचीच स्प्लेंडर घेऊन निघाले होते. तुम्ही तेव्हा मुलीकडे गेला होतात. अगदी लागली चावी, सुरू झाली, कर्वेनगरच्या चौकापर्यंत आले. मग लक्षात आलं. कशावरून? गाडीला आरसे होते! ह्यांच्या गाडीला आरसे कुठायत! गेले परत, तर तो बिचारा मालक पोस्टाच्या पायरीवर घाम पुसत बसलेला. मिसेस सांगत होती, ह्यांचा चेहरा त्या दिवशी रव्याच्या लाडवासारखा पांढरा पडला होता.

पण मी काय म्हणते, चोराला खटाराच हवा असतो. बुलेट रस्त्यात धडधडत नेली तर दहा जण वळून बघतील. स्प्लेंडरकडे कोण बघतंय? पुण्यात गल्लीगल्लीला चार उभ्या. पार्टही कुठेही खपतात.

मग काय, सेक्रेटरींच्या घरी फुटेज बघायला सगळी सोसायटी. मीही गेले, साखर मागायच्या निमित्तानं. आता तो कॅमेरा आपण सगळ्यांनी वर्गणी काढून लावला ना, आणि त्याचं तोंड कुणाच्या मोटारीकडे? मी नाव घेत नाही. त्यामुळे स्प्लेंडर अर्धीच दिसते, पुढचं चाक आणि हँडल. पहाटे तीन वाजून काही मिनिटं. दोन पोरं आली. एकानं हँडलला पाय लावून असा एक झटका दिला आणि गेलं हो ते हँडल लॉक! मी तर समजत होते हँडल लॉक लावलं की झालं. ते म्हणे आपलं घराला कडी लावल्यासारखं, मांजर येऊ नये म्हणून. मग हा गाडीवर बसला आणि दुसरा आपल्या गाडीवरून मागच्या फूटरेस्टला पाय लावून ढकलत घेऊन गेला. इंजिनाचा आवाज नाही, काही नाही. दीड मिनिटात खेळ खल्लास.

आणि आता ऐका, खरी गंमत पुढेच आहे. फुटेजमध्ये बुलेटचे इंडिकेटर लुकलुकताना दिसतात! म्हणजे त्यांचा धक्का लागला आणि अलार्म वाजला. वाजला म्हणजे काय, चांगला बोंबलला असणार. सेक्रेटरींनी फुटेज थांबवलं आणि मागे वळून विचारलं, "कुणी ऐकला का अलार्म?" वहिनी, त्या खोलीत सतरा माणसं. एकजण मान वर करेल तर शपथ! कुणी पंख्याकडे बघतंय, कुणी पायाच्या अंगठ्याकडे. कारण ऐकला सगळ्यांनीच होता. आमच्याकडे हे कूस बदलून म्हणालेसुद्धा, "मांजर असेल." रोज रात्री मांजर उडी मारतं आणि रोज तो कोकलतो, कोण उठणार? शेवटी चिरंजीवच पुटपुटले, "मी आवाज कमी ठेवायला हवा होता." सेन्सिटिव्हिटी म्हणायचं असेल त्याला, पण धक्क्यात होता हो.

चौकीत बँकवाले फाइल घेऊन गेले. माणूस बँकेतला, आरसीची झेरॉक्स, इंजिन नंबर, चेसी नंबर, सगळं प्लास्टिकच्या कव्हरात. तिथल्या हवालदारांनी म्हणे कौतुक केलं, लोकांना आपला गाडीचा नंबरसुद्धा धड आठवत नाही म्हणाले. आणि मग ते जे म्हणाले ना… "काका, लगेच आलात ते बरं केलंत. अशी साधी गाडी उचलतात, तिच्यावरून दोन-चार मंगळसूत्रं ओढतात आणि मग कुठंतरी सोडून देतात. कॅमेऱ्यात नंबर तुमचा आणि आम्ही तुमच्या दारात." मिसेसनी हे खाली येऊन सांगितलं तेव्हा आम्ही चौघी होतो. चौघींचे हात आपोआप गळ्याशी!

हे ऐकलं आणि पहिल्या मजल्यावरची सून मुसमुसायलाच लागली. तिची स्कूटर गणपतीत गेली ना मंडईतून, त्याची जखम ताजी. ते माहितीये ना तुम्हाला? नाही? अहो असं कसं! 2022च्या दसऱ्याची स्कूटर, 80 हजारांची. तिच्या नवऱ्याला ढिम्म काळजी नव्हती. कागद फडकावत सांगत होता, "पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे, 2027 पर्यंत! पैसे खात्यात येतील." सासूबाई तर म्हणाल्या, येतील त्यात नवीच घेऊ, रंगही ठरवला. मग एजंट आला. मी तेव्हा तिथेच होते, कोथिंबीर निवडत होते तिच्याबरोबर. त्यानं कागद बघितला, चष्मा काढला आणि हळूच म्हणाला, "साहेब, हे पाच वर्षांचं आहे ते थर्ड पार्टी. म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर. चोरीचं आहे ते ओन डॅमेजमध्ये येतं, आणि ते तुमचं पहिल्याच वर्षी संपलं. 2023ला." खोलीत एवढी शांतता की कोथिंबिरीच्या काड्या मोडल्याचा आवाज येत होता. सासूबाईंचा चेहरा बघवत नव्हता. नवरा म्हणाला, "पण लिहिलंय पाच वर्षं…" सून काही बोलली नाही. फक्त त्याच्याकडे बघितलं. वहिनी, ते बघणं मी जन्मात विसरणार नाही.

2018च्या सप्टेंबरपासून नवी दुचाकी घेताना ते थर्ड पार्टी पाच वर्षांचं एकदम घ्यावंच लागतं, आणि आपली सगळी मंडळी त्यालाच इन्शुरन्स समजून कपाटात ठेवून देतात. आमच्या ह्यांनी त्या रात्री कपाट उपसलं. काय निघालं ते मी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला एजंटकडे गेले, एवढंच सांगते.

आणि चोरीचा इन्शुरन्स असता तरी काय एका दिवसात मिळतात का पैसे? माझ्या भाच्याला मिळाले, पण किती हेलपाटे! पोलिसांचा तो ए समरीचा कागद लागतो, म्हणजे चोरी खरी, पण चोर सापडला नाही असा. आणि कंपनी दोन्ही चाव्या मागते हो. एक दिलीत तर विचारतात, दुसरी कुठाय, गाडीलाच ठेवली होती का? भाच्याची दुसरी चावी देवघरात कुंकवाच्या डबीत निघाली, म्हणून निभावलं. पैसेही पूर्ण नाहीत. गाडी दोन वर्षं ओलांडून तिसऱ्यात असली की किमतीतून 30 टक्के कापून धरतात. म्हणजे सूनबाईंच्या 80 हजारांचे 56 झाले असते फार तर. असते! पण "असते"नं मंडईत जाता येत नाही ना. ती आता बसनं जाते आणि नवरा पिशव्या घेऊन मागे. काही बोलत नाही बिचारा, पिशव्या धरतो.

कुठे होते मी? हां, चौकी. तर बँकवाले घरी आले, चहासुद्धा न घेता बसले. मिसेसनं समजूत काढली, "जाऊ दे हो, जुनी होती." तर डोळ्यांत पाणी! म्हणाले, "गेल्याच महिन्यात 531 रुपये भरून नवी नंबरप्लेट बसवली होती गं." ती हो, हॉलोग्रामवाली. मुदत मार्चची एप्रिल, एप्रिलची जून, जूनची ऑगस्ट होत गेली तोवर हे थांबले आणि शेवटी एकदाची लावली. एकदा बसवली की तोडल्याशिवाय निघत नाही म्हणे ती. गाडीपेक्षा प्लेटचंच दुःख जास्त.

आणि सकाळी अकरा वाजता, वहिनी, पेपरवाला पोरगा धापा टाकत आला. "काका, तुमची गाडी कॅनॉल रोडला उभी आहे!"

सगळे धावले. मी पायात चप्पल अडकवेपर्यंत निम्मे पोचले होते. इथून जेमतेम सात-आठशे पावलं. भिंतीला टेकवून ठेवलेली, हेडलाइटखालच्या वायरी बाहेर लोंबत. मेकॅनिक म्हणाला, "डायरेक्ट करून सुरू केली होती, पण मध्येच बंद पडली. लई किका मारल्यात बघा." किकचं रबर निघून बाजूला पडलेलं. अंगातला राग काढलेला दिसतोय मेल्यानं. मग मेकॅनिक खाली वाकला आणि हसायलाच लागला. पेट्रोलचा कॉक बंद!

तुम्ही तरी हसू नका, ऐका. टाकीच्या खाली तो एवढासा कान असतो ना फिरवायचा, तो. बंद असला की टाकीतलं पेट्रोल खाली येत नाही, कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेलं असतं तेवढ्यावर गाडी जरा जाते आणि मग ढुस्स. चोरानं वायरी तोडल्या, लॉक तोडलं, पण कॉक कोण बघतंय अंधारात! तरण्या पोरांना तो असतो हेच माहीत नाही.

आणि तो बंद का होता? चोरांच्या भीतीनं? छे! थेंबभर पेट्रोल गळेल म्हणून! चेतक होती तेव्हापासूनची सवय त्यांची. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी गाडी लावली की वाकायचं आणि कॉक बंद. मिसेसनं आयुष्यभर त्यावरून टोमणे मारले, चिरंजीव तर मित्रांसमोर नक्कल करून दाखवायचे. परवा कॅनॉल रोडला दोघंही गप्प. बँकवाल्यांनी काही म्हणून म्हटलं नाही. फक्त वाकले, कॉक उघडला, परत बंद केला आणि चिरंजीवांकडे बघितलं. मला तर वाटलं टाळ्या वाजवाव्यात.

लगेच घरी नाही आणता आली, तक्रार झालेली ना. परत चौकी, पंचनामा, सह्या. पण आली एकदाची. मिसेसनं भाकरतुकडा ओवाळून टाकला गाडीवरून, खरंच सांगते. आणि चिरंजीव कालच मेकॅनिककडे जाऊन बुलेटला सीटखाली चोरबटण बसवून मागत होते. तो म्हणाला, "नव्या गाडीची वायर कापली तर वॉरंटीचं तुम्ही बघा, मला नंतर बोलू नका." आलं परत तोंड पाडून.

आता सगळी सोसायटी बँकवाल्यांना विचारायला येते, कॉक कुठं असतो, कसा बंद करायचा. ते खुर्ची टाकून बसतात आणि सांगतात. आणि काल रात्री साडेदहाला मी कचरा ठेवायला खाली गेले, तर काय बघते! आपले सेक्रेटरी, मोबाइलचा टॉर्च लावून, लुंगी सावरत, आपल्या गेल्या वर्षी घेतलेल्या नव्या कोऱ्या स्कूटरखाली पार आडवे! "काय शोधताय?" मी विचारलं. "कॉक," म्हणाले. आता त्या इंजेक्शनवाल्या गाड्यांना कॉक नसतोच, मेकॅनिकनं मला परवाच सांगितलंय. ह्यांनी कॅमेरा स्वतःच्या मोटारीकडे वळवला ना? मी म्हटलं, "जरा मागच्या बाजूला बघा, तिकडे असेल."

अजून शोधताहेत. हळू हसा हो, जिन्यातच आहेत ते!