दंडावर पन्नास टक्के सूट

पुण्यात कायदा कुठे आहे, असे विचारणाऱ्याने चौकातल्या खांबावर पाहावे. तिथे तो कॅमेऱ्याच्या रूपात लटकलेला असतो. झेब्रा क्रॉसिंगवर पुढचे चाक टेकले की फोटो निघतो आणि यथावकाश मोबाइलवर ई-चलन येते. अर्थात ते पोचते कुणाला? ज्याची नंबरप्लेट स्वच्छ, पत्ता खरा आणि मोबाइल चालू, त्याला. 4141 ला वळण देऊन ‘दादा’ लिहिणारा कॅमेऱ्याला वाचताच येत नाही. त्यासाठी 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या वाहनांनाही नव्या सुरक्षित नंबरप्लेटची सक्ती झाली. 31 मार्च 2025 ची मुदत मग एकामागून एक वाढत गेली. दादा निश्चिंत.

दंडाचे मात्र तसे नाही, तो नेटाने वाढला. केंद्राने 2019 मध्ये कायदा कडक केला आणि महाराष्ट्राने हो-ना करत डिसेंबर 2021 मध्ये नवे दर लागू केले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, असे या कायद्यात छापले आहे. छपाई सुबक आहे. शिक्षेच्या कठोरपणापेक्षा ती चुकणार नाही या खात्रीचा धाक मोठा, हे इटलीच्या बेक्कारियाने 1764 मध्येच लिहून ठेवले. पण खात्री वाढवायला माणसे लागतात, खटले निकाली काढावे लागतात. रक्कम वाढवायला एक अधिसूचना पुरते. ती वाढीव रक्कम वसूल होईना, थकबाकी शेकडो कोटींच्या घरात गेली, तेव्हा लोक अदालतीत थकीत चलनांवर 50 टक्के सूट निघाली. आधी भाव चढवून मग निम्म्यात माल काढायचा, हे लक्ष्मी रोडवरच्या दुकानदारांना नवीन नाही.

निदान निम्मे पैसे तरी आले, असे अधिकारी म्हणतील. तिजोरीपुरते बरोबर. पेशवाईतल्या कोतवालीच्या जमेतही दंडाचा पैसा असेच; पण वसुली म्हणजे बंदोबस्त नव्हे. वेळेत पूर्ण दंड भरणाऱ्याला या सवलतीने एवढेच शिकवले, की घाई नडली.

‘आपले लोकच बेशिस्त, पोलीस काय करणार?’ हा दुसरा युक्तिवाद. मग तोच दुचाकीस्वार लष्करी आस्थापनेच्या फाटकाशी आरशाला अडकवलेले हेल्मेट मुकाट्याने डोक्यावर का चढवतो? तिथे दंडाचा दरफलक नाही आणि लोक अदालतही नाही. हेल्मेट नसेल तर आत सोडत नाहीत, इतकेच.

तेव्हा सरकारला एक विनंती. धाक बसवणे जमत नसेल, तर निदान हिशेब तरी सरळ ठेवा आणि ज्यांनी मुदतीत पूर्ण दंड भरला, त्यांचे निम्मे पैसे परत करा.