बुटीकात आई

"बुटीक? मग मापाचा ब्लाउज बरोबर घेऊ का?" पणजीच्या हॉटेलचं सांगितलं तेव्हा आईने पहिल्यांदा हेच विचारलं. आमच्या कोथरूडात बुटीक म्हणजे दिवाळीचं कापड शिमग्याला शिवून देणारं दुकान.

"अगं, जुन्या घरातलं लहानसं हॉटेल. आठच खोल्या."

"आठ राजापूरच्या घरातही होत्या," आई म्हणाली. "विकलंत ना."

आल्तिनोची टेकडी आणि खाडी यांच्या बेचक्यात पणजीचा फोंतेन्यास हा जुना भाग वसलाय; हॉटेल तिथेच. घरं पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची. पांढरा चर्चसाठी राखून ठेवायची जुनी रीत. दारांवर निळ्या-पांढऱ्या चिनीमातीच्या पाट्या. रस्त्याचं नाव '३१ जानेवारी'. त्या दिवशी इथे काय घडलं, असं आईने विचारलं. इथे काहीच नाही. १८९१ साली त्या तारखेला पोर्तुगालातल्या पोर्तु शहरात राजाविरुद्ध बंड झालं आणि त्याच दिवशी आपटलं.

"आपटलेल्या बंडाचा रस्ता?" आई म्हणाली. "मग तुझ्या बाबांच्या पोल्ट्रीला एक चौक तरी द्यायला हवा होता."

खोलीत लाल कोबा, मच्छरदाणीचा पलंग, पितळी तांब्या, शिसवी कपाट. रात्रीचे साडेआठ हजार. आई एकेका वस्तूवरून हात फिरवत म्हणत होती, "हे भंगारात दिलं. हे मोलकरणीला. हे तुझ्या काकाने ढापलं." मग न्हाणीघरात डोकावून ती थिजली. काचेचा आडोसा होता, डोक्यावर परातीएवढा शॉवर होता, पण बादली नव्हती. हॉटेलचा पोरगा नम्रपणे म्हणाला, "बादली नाही ठेवत, मॅडम. आणि ते कपाट उघडत नाही, शोभेचं आहे." आईने कपाटाचं दार किंचित वर उचललं, गुडघ्याने एक दणका दिला आणि ओढलं. आत निळी प्लास्टिकची बादली, तिच्यात मग आणि मोपाचा दांडा. कुणीच काही बोललं नाही. पोरग्याने बादली मुकाट्याने न्हाणीघरात नेऊन ठेवली.

खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ काप. जुन्या गोव्याची ही फार देखणी युक्ती: उजेड दुधासारखा गाळून आत येतो. आवाज मात्र न गाळता येतो. रात्री एकपर्यंत खालच्या बारमधली गिटार, दोनपर्यंत त्या गिटारवाल्याची स्कूटर सुरू न होणं, तीनला ती सुरू होणं. नंतर कुत्री. सहाला पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा, पों पों! मी उशी डोक्यावर घेतली, आई केव्हाच सज्जात. ती मराठीत, तो कोंकणीत, आणि घासाघीस बिनतक्रार चालली होती. नाश्ता भाड्यात धरलेला असूनही तिने चार पोया आणि बांगडीच्या आकाराची काकणां घेतली. वर माझा पंचा सज्जाच्या कठड्यावर वाळत टाकला.

नऊच्या सुमारास खालून हाक आली, "आजी, जरा आत जाता का?" लग्नाआधीच्या फोटोंसाठी आलेलं जोडपं होतं. मुलीचा झगा अर्ध्या गल्लीभर पसरलेला. शेजारच्या घरांवर 'फोटो काढू नयेत' अशा पाट्या लागलेल्या. त्या का लागल्या असतील ते मला आता समजलं.

"साडेआठ हजार दिलेत," आई वरून म्हणाली. "तुम्ही किती दिलेत?"

जोडपं पुढच्या निळ्या भिंतीकडे सरकलं. तासाभराने दुसरा कॅमेरावाला आला. हा दाढीवाला. तो ओरडला, "आजी, तशाच उभ्या राहा! पंचा काढू नका!" आईने पदर सारखा केला आणि पाऊण तास हलली नाही. माझी आंघोळ बादली असूनही खोळंबली.

निघताना तिने त्या पोरग्याला कपाटाची खुबी दोनदा करून दाखवली. "आधी उचलायचं, मग गुडघा. माझ्या सासूने शिकवलंय."

गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प होती. फोंड्याच्या पुढे तिने विचारलं, "आपल्या राजापूरच्या घराचं आता काय केलंय रे त्यांनी?"

मी घसा खाकरला. "होमस्टे."

"रात्रीला किती?"

"साडेचार."

आईने मांडीवरच्या पंच्याची घडी मोडून पुन्हा नीट घातली. "दोन रात्रींचं बघ," ती म्हणाली. "आणि बादली आहे का विचार."