विनमॉडेमरावांना जाहीर पत्र

श्रीयुत विनमॉडेमराव,
मु. पो. पीसीआय स्लॉट, खामगाव, जि. बुलढाणा

सा. न. वि. वि.

आमच्या कॉम्प्युटरात बिऱ्हाड केल्यापासून आपण काडीचंही काम केलं नाहीत, त्याबद्दल जाहीर अभिनंदन. आपण स्वस्तात मिळालात. का, ते नंतर उमगलं. खरा मॉडेम फोनच्या तारेवरची किरकिर ऐकून तिचा अर्थ स्वतः लावतो. आपण ती उचलून घरच्या सीपीयूपुढे टाकता आणि राबायचं त्याने. तेही विंडोजचा ड्रायव्हर हजर असेल तरच!

आम्ही पडलो लिनक्सवाले, ‘पीसी क्वेस्ट’ मासिकासोबत आलेल्या सीडीवरून घडलेले. बहुतेक चिपवाल्यांना आम्ही गिऱ्हाईकच वाटत नाही. त्यामुळे आपला ड्रायव्हर इंटरनेटवर मिळतो आणि इंटरनेट आपल्याकडून मिळतं. शेवटी सायबर कॅफेतल्या विंडोजपुढे हात जोडून १.४४ एमबीच्या फ्लॉपीत तो कोंबून आणला. घरी आल्यावर त्याने नेमक्या त्याच आवृत्तीचा कर्नल सोर्स मागितला. भेंडवळची घटमांडणी पिकापाण्यापासून देशाच्या राजापर्यंत सगळ्याचं भाकीत सांगते. आपण कोणत्या कर्नलवर चालाल, हे मात्र तिच्याही आवाक्याबाहेरचं.

आणि तोरा कसला हो? १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने देशात इंटरनेट खुलं केलं, तेव्हा विद्यार्थ्यांना मिळायचं ते नुसत्या अक्षरांचं शेल खातं, आणि पलीकडे बसलेलं असायचं युनिक्स. या तारेवर आमच्याही भाऊबंदकीचा जुना हक्क आहे.

असो. मित्राकडून सिरियल पोर्टचा बाहेरचा मॉडेम उसना आणला. ‘डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ’ ही कमांड दिल्याबरोबर टीटीवायएस-झिरोवर, म्हणजे पहिल्याच सिरियल पोर्टवर, तो सापडला. नंबर, युजरनेम, पासवर्ड फाइलीत लिहिले. इथली डायल टोन त्याला ओळखू येईना, म्हणून एटीएक्स-थ्री जोडलं; म्हणजे टोनची वाट न बघता फिरव बाबा नंबर. मग ती जगप्रसिद्ध किंकाळी. पडद्यावर डब्ल्यूव्हीडायल या नंबर फिरवणाऱ्या प्रोग्रामने कळवलं की काय करावं ते समजत नाही, पीपीपीडी सुरू करतोय, बरं होईल अशी आशा आहे. इतकं प्रांजळ निवेदन मी कुठल्याही कचेरीत वाचलेलं नाही. आणि लागलं की हो इंटरनेट!

वेग ५६ केबीपीएस, तोही कागदावर. ७०० एमबीची सीडी उतरवायची तर एकोणतीस तास, आणि तोवर सिंदखेडराजाच्या आत्याला फोन एंगेज. पण हा गडी राबतो तरी.

सबब, आपली पीसीआय स्लॉटातून उचलबांगडी करण्यात येत आहे. विंडोजवाला कुणी भेटल्यास चहाच्या बदल्यात देऊन टाकू.

कळावे, लोभ नसावा.

आपला (नाइलाजाने झालेला) यजमान

ता. क. : आपल्यासोबत आलेली ड्रायव्हरची सीडी ज्वारीच्या वावरात टांगली आहे. पाखरं हाकलायला तिला विंडोज लागत नाही.