अल्पव्ययी पक्षिचित्रकारास हितोपदेश

नाशिकच्या गंगापूर रोडवर वास्तव्य करणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या, घराचे हप्ते बव्हंशी फेडून मोकळ्या झालेल्या आणि सोमेश्वरच्या बाजूला प्रभातफेरीस गेले असता खंड्याची निळी तिरीप डोळ्यांसमोरून सरकन गेल्यामुळे अंतःकरणी घायाळ झालेल्या सद्गृहस्थास जेव्हा पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याची प्रेरणा होते, तेव्हा त्याचे आद्य कर्तव्य कोणते, याविषयी शास्त्रकारांत तीव्र मतभेद आहेत. दुकानदारांचा पंथ म्हणतो, पैसे काढावेत. अनुभवी मित्रांचा पंथ म्हणतो, आणखी थोडे पैसे काढावेत. आणि स्वयंपाकघरातून कारभार पाहणारा तिसरा पंथ म्हणतो की, काढायचेच असेल तर आधी माळ्यावरचा जुना कॅमेरा काढावा. (हे सर्व नियम सद्गृहिणींसही लागू आहेत, फक्त तिसऱ्या पंथाचे पीठ त्या प्रसंगी दिवाणखान्यात, वर्तमानपत्राच्या आड असते.) आमचे मत या तिन्हींहून निराळे आहे. कॅमेरा पक्ष्यांसाठी घ्यावयाचा आहे की शेजाऱ्यांसाठी, याचा निकाल खरेदीदाराने प्रथम स्वतःच्या मनाशी, साक्षीदार न ठेवता लावावा.

शेजाऱ्यांसाठी घ्यावयाचा असल्यास मार्ग सरळ आहे. दीडशे ते सहाशे मिलिमीटरची, दोन किलोच्या आसपास भरणारी एखादी लेन्स, तिच्यावर हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे आवरण, त्याच ठिपक्यांची टोपी, त्याच ठिपक्यांची खिसेदार विजार, आणि गंगापूर धरणाच्या काठी तो तोफखाना खांद्यावर टाकून उभे असलेले स्वतःचे एक छायाचित्र, एवढ्याने कार्यभाग साधतो. हे छायाचित्र दुसऱ्याने, मोबाइलवर काढलेले असावे. ते नेहमी उत्तम येते. या वर्गातील गृहस्थांस आमचा पुढील मजकूर निरुपयोगी आहे, आणि त्यांनी तो वाचण्यात वेळ दवडू नये.

पक्ष्यांसाठीच घ्यावयाचा असे ज्यांचे ठरले, त्यांच्यापुढे घरच्या मंजुरीचा प्रश्न उभा राहतो. या कामी अर्जात पूर्वदाखला जोडावा, आणि नाशिककराच्या हाती तो आयताच आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली विम्याचे कागद तारण ठेवून विलायत गाठली, तेथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला, आणि सिंह, गरुड वा अप्सरा यांपैकी कशाचेही चित्रण न करता कुंडीत पेरलेल्या वाटाण्यापुढे तो रोवून कोंब फुटून वेल वर चढेपर्यंत रोज थोडे थोडे चित्रण केले. ती इवलीशी फीत पाहून भांडवल देणारा माणूस पुढे आला. या दाखल्यातून अर्जदाराने दोन गोष्टी ठसवाव्यात: एक, की यंत्रापेक्षा बैठक मोठी, दोन, की अशा खर्चास या जिल्ह्यात सन्माननीय परंपरा आहे. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी पुढे अंगावरचे दागिने दिले, हा तपशील मात्र अर्जात घालू नये. तो वाचल्यावर मंजुरीचे दफ्तर कायमचे बंद होण्याचा संभव असतो.

आता मुद्द्याचा हिशेब. आपला लहान खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम सोळा-सतरा सेंटिमीटर भरतो, आणि गोदावरीच्या पात्रातील एखाद्या वाळक्या फांदीवर बसल्यावर माणसास तीस मीटरच्या आत येऊ देण्याची त्याची सहसा इच्छा नसते. या अंतरावरून मोबाइलच्या मुख्य भिंगात चाळीस मीटरांहून रुंद देखावा मावतो, त्यात खंड्याच्या वाट्यास रुंदीचा सुमारे अडीचशेवा हिस्सा येतो, आणि ते छायाचित्र पाहणाऱ्यास 'यात पक्षी कोठे आहे' हे बोट ठेवून दाखवावे लागते. चारशे मिलिमीटरच्या तोडीच्या लेन्सने चौकट दोन मीटर सत्तर सेंटिमीटरची होते व खंड्यास सोळावा हिस्सा मिळतो. दोन हजारांच्या तोडीची लेन्स चौकट आवळून चोपन्न सेंटिमीटरवर आणते, आणि मग तो जवळजवळ तृतीयांश जागा व्यापून, चोचीतल्या मासोळीसह, दिवाणखान्यात टांगण्यालायक होतो.

ही दोन हजारांची मजल मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणणारे यंत्र म्हणजे ज्यास बाजारात ब्रिज कॅमेरा म्हणतात ते. याची लेन्स यंत्रास कायमची जोडलेली असते, त्यामुळे 'आणखी एक लेन्स हवी' हा प्रापंचिक कलहाचा मूळ स्रोतच आटतो. निकॉनचा पी-९०० हा २०१५ साली ८३ पट झूम घेऊन अवतरला. २०१८ मध्ये पी-१००० ने ती मजल तीन हजारांवर नेली आणि वजनही सुमारे एक किलो चारशे ग्रॅमवर नेले. २०२० चा पी-९५० पुन्हा दोन हजारांवर उतरला व किलोभराच्या माफक देहात राहिला, शिवाय पी-९०० मध्ये नसलेली रॉ चित्रांची सोयही त्याने केली. कॅननचा एसएक्स-७० हा ६५ पटींवर समाधान मानणारा, अंगाने सुटसुटीत असा त्यांचा चुलतभाऊ होय. आमची पसंती पी-९५० ला, आणि तो नवा घेणे जमत नसेल तर एखाद्या हौशी माणसाने कंटाळून विकावयास काढलेल्या पी-९०० ला. असे हौशी लोक या शहरात मुबलक आहेत.

तथापि दुकानदार 'दोन हजार मिलिमीटर' असे छातीठोकपणे सांगतो तेव्हा हा आकडा कागदोपत्री आहे, हे खरेदीदाराने मनात ठेवावे. पी-९०० च्या लेन्सची खरी नाभीय लांबी ३५७ मिलिमीटर आहे. दोन हजारांचा आकडा जुन्या पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मशी तुलना करून काढलेला असतो, आणि ती तुलना साधते ती आतला सेन्सर अतिशय लहान, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटर रुंद व साडेचार मिलिमीटर उंच असल्यामुळे. हरभऱ्याच्या डाळीएवढ्या त्या अंगणात ऊन पडते तेव्हा सर्व आलबेल असते. ढग आले, सांज झाली किंवा पक्षी दाट बाभळीत शिरला की आयएसओ वाढवावा लागतो, चित्रावर रवाळ खर उठते आणि पिसांच्या जागी रंगाचे लेप दिसू लागतात. उडत्या पक्ष्यामागे फोकसही मागे पडतो. शिवाय पूर्ण झूमवर पक्षी चौकटीत सापडणे हाच एक स्वतंत्र पराक्रम आहे. त्यासाठी झूम मागे घ्यावा, पक्षी मध्यभागी धरावा आणि मग पुढे सरकावा. पी-९०० च्या अंगावर क्षणभर झूम मागे घेणारे बटण याच कामासाठी दिले आहे, आणि बहुसंख्य मालकांनी ते आजतागायत दाबलेले नाही.

ज्यास बसलेल्या खंड्यापेक्षा उडत्या चक्रवाकाचे वेड अधिक, त्याने जुन्या डीएसएलआरकडे वळावे. मिररलेस यंत्रे आल्यापासून डीएसएलआर विकावयास काढणाऱ्यांची रीघ लागली आहे. कॅननचे साधे शरीर आणि त्यावर ५५ ते २५० ची स्थिरीकरण असलेली लेन्स एवढ्या जोडीने चारशेची मजल सहज मिळते. त्यातला सेन्सर क्षेत्रफळाने वर सांगितलेल्या डाळीच्या सुमारे बारापट आहे. पक्षी लहान येईल, पण स्वच्छ येईल, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात पंख गोठवण्याइतका प्रकाश त्यास पेलेल. मात्र जुनी वस्तू घेताना भाबडेपणा नको. शटर किती वेळा उघडले त्याची संख्या मागावी. साध्या शरीरांची उमेद साधारण एक लाखाची धरतात. लेन्समध्ये एका बाजूने विजेरीचा झोत टाकून दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय, आणि विक्रेता इगतपुरी वा त्र्यंबकच्या पावसाळी मुलखातला असल्यास ही तपासणी दोनदा करावी. फोकसची परीक्षा दुकानातल्या कॅलेंडरावर न घेता बाहेर रस्त्यावर, महात्मा गांधी मार्गावरून सुसाट जाणाऱ्या दुचाकींवर घ्यावी. त्यांच्याइतकी अनिश्चित गती चक्रवाकासही साधत नाही.

यंत्र कोणतेही असो, त्याचा खरा मुलूख येथून चाळीसेक किलोमीटरवर, निफाड तालुक्यात आहे. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्याने इंग्रजी अमदानीपासून पाणी व गाळ अडवून नांदूरमध्यमेश्वरास पक्ष्यांचे माहेरघर करून सोडले. १९८६ साली ते अभयारण्य झाले आणि २०२० च्या जानेवारीत रामसर यादीतले महाराष्ट्राचे पहिले पाणस्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. हिवाळ्यात खाणगाव थडीच्या मनोऱ्यावरून जांभळी पाणकोंबडी, चित्रबलाक, थापट्या बदक, वारकरी, कमळपक्षी आणि नशीब जोरावर असल्यास रोहित, असा सगळा दरबार भरलेला दिसतो. येथे ट्रायपॉडपेक्षा मनोऱ्याच्या कठड्यावर ठेवलेली कापडी पिशवी बरी. तीत तूरडाळ भरावी, म्हणजे परतल्यावर तिचा हिशेब देता येतो.

या मोहिमेचा शत्रू मात्र महाग लेन्स नव्हे, मिसळ होय. गंगापूर रोडवरून निघालेली पक्षिनिरीक्षकांची तुकडी पहाटे जमते, एक सभासद उशिरा येतो, त्याच्या उशिराचे परिमार्जन म्हणून वाटेत मिसळीस थांबण्याचा ठराव एकमताने संमत होतो, दुसऱ्यांदा रस्सा मागवला जातो, आणि मंडळी पाण्याकाठी पोहोचतात तेव्हा सूर्य डोक्याकडे चढून पाण्यावर तापलेल्या हवेच्या लहरी नाचू लागलेल्या असतात. या लहरींतून पलीकडच्या काठावरचा चमच्या काढू जाता तो उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखा थरथरत येतो. या दोषास लाख रुपयांच्या लेन्सवरही उतारा नाही, आणि तरीही अशा प्रत्येक सहलीनंतर एखादा सभासद नवी लेन्स घेतो. सकाळचा प्रकाश फुकट असून तो उधारीवर मिळत नाही; मिसळ दुपारीही मिळते. सुज्ञांनी क्रम उलटा करावा.

घरट्याजवळ जाऊ नये, पिलांच्या आडच्या फांद्या दूर सारू नयेत आणि मोबाइलवर पक्ष्याच्या हाका वाजवून त्यास फसवू नये, हे येथे सांगावे लागते याचीच खंत वाटते. ज्याचा झूम अपुरा आहे त्याने आपली हौस आवरावी, पक्ष्याचे घर मोडू नये.

शेवटी वन्य पशूंविषयी. यासाठी गंगापूर रोडवासीयास फार लांब जावे लागतेच असे नाही, कारण ते अधूनमधून स्वतः येतात. २०१९ च्या जानेवारीत याच रस्त्यालगतच्या सावरकरनगरात बिबट्या शिरला, त्यास पाहण्यास गर्दी लोटली आणि काही लोक जखमी झाले. अशा प्रसंगी कोणत्या लेन्सची शिफारस करावी, असे आम्हांस विचारले जाते. मोबाइलमध्ये असते ती चोवीस मिलिमीटरच्या तोडीची लेन्सही अपुरी पडत नाही. परंतु ती घराच्या आत, दाराची कडी लावलेल्या स्थितीत बाळगावी, वनखात्यास १९२६ या क्रमांकावर वर्दी द्यावी, गच्चीवरून शिट्ट्या मारणाऱ्या शेजाऱ्यास खाली बोलवावे, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बिबट्याचे छायाचित्र आले की चहाबरोबर त्यातल्या प्रकाशयोजनेवर यथेच्छ टीका करावी.