औटकी म्हणत चालणाऱ्या काकू

अहो, कळलं का? आमच्या हैदराबादेतले म्हातारे हल्ली सरळ चालतच नाहीत! केबीआर पार्कात सकाळी जाऊन बघा. तळमजल्यावरचे काका शंभरातून सात-सात वजा करत चालतात. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... तेवढ्यात कुणी 'नमस्कारम्' घातला की पुन्हा शंभरावर! काकूंचं तर विचारूच नका. त्या औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणतात आणि दर तिसऱ्या पावलाला टाळी. परवा एका तेलुगू आजींना वाटलं भजन चाललंय, त्याही टाळ्या वाजवत मागोमाग!

हे खूळ जपानी. ओबू शहरातल्या वार्धक्य-संशोधन केंद्रानं मेंदूला व्यायाम म्हणून 'कॉग्निसाइझ' काढलं: पाय चालते ठेवा, आकडे मोजा, तीनच्या पटीला टाळी द्या. चुकलात तर उत्तमच म्हणे! सगळं बिनचूक जमायला लागलं की नियम बदलायचा. पाढा चुकला म्हणून छड्या खाल्लेल्या पिढीनं हे कुठल्या तोंडानं ऐकावं?

फिनलंडवाले तर आणखी चेंगट. 60 ते 77 वयाचे 1260 जण घेतले, त्यांतल्या निम्म्यांना दोन वर्षं व्यायाम, बुद्धीचा सराव, आहार, रक्तदाबावर नजर, सगळंच एकदम लावलं. 2015 साली निकाल आला: नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा यांची बुद्धी चाचण्यांत जास्त सुधारली. आहार म्हणजे काय ते समजलात ना? डबल का मीठा बंद!

पण खरी चहाडी पुढेच. तेव्हा आपल्या निम्स रुग्णालयात असलेल्या डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी 648 स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, शाळेचं तोंड न पाहिलेल्यांतही! 2013 साली 'न्यूरॉलॉजी'त छापून आलंय. नोंदींवरून काढलेलं अनुमान आहे, हमीपत्र नव्हे. पण मोंडा मार्केटात दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तेलुगूत घासाघीस करणाऱ्या, रिक्षावाल्याला दखनीत 'नक्को' ठणकावणाऱ्या आणि घरी पोचताच नवऱ्याला मराठीत झापणाऱ्या काकूंना हे कळल्यापासून त्या जमिनीवर नाहीत. "आम्ही फुकटात करत होतो की!"

एवढं मात्र ऐका. रस्ता ओलांडताना औटकी नको. बोलायचं म्हटलं की ज्यांना चालणं थांबवावं लागतं, ते ज्येष्ठ पुढे जास्त पडतात, हे स्वीडनच्या संशोधकांनी 1997 सालीच दाखवलंय. अशांनी खुर्चीत बसून पाय हलवावेत आणि पाढे तिथेच म्हणावेत.