पट्टीचे वैद्य

शहापुरात भर बाजारात गाडीचं बॉनेट उघडून पाहावं. नेमकं काय शोधायचं हे मालकाने अजून ठरवलेलंही नसतं, तोवर भाऊ येऊन उभे राहिलेले असतात. भाऊंचं गॅरेज नाही, दुकान नाही, आयटीआयचा कागदही नाही. पण स्पेअर पार्टच्या दुकानाबाहेरच्या बाकावर त्यांची जागा ठरलेली आहे, आणि डिझेल गाडीचं ऑइल पाहून दुखणं सांगायचा मान तालुक्याने त्यांना बिनविरोध देऊन टाकला आहे. असे भाऊ मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर आहेत, सरळगावच्या नाक्यावर आहेत, किन्हवलीतही आहेत. आपण शहापूरचे घेऊ.

भाऊंनी उमेदीची वर्षं कल्याण–मुरबाड–माळशेज रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवण्यात घालवली. त्यांचे वडील पौष पौर्णिमेला म्हसा गावच्या यात्रेत बैलाच्या तोंडात हात घालून, दात चाचपून वय सांगायचे. घराण्यातली ती विद्या भाऊंनी डीपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर आणली. पट्टी ओढायची, फडक्याने पुसायची, परत आत सरकवायची, मग सावकाश बाहेर काढून उन्हात धरायची. एक थेंब अंगठ्यावर घेऊन तर्जनीने चोळायचा. नाकाशी न्यायचा. एवढं झालं की ऑइलकडे बघायचं सोडून मालकाच्या तोंडाकडे बघायचं. निदानाचा मोठा भाग तिथेच उरकतो. किती खर्चाचा आजार सांगितला तर हा माणूस मटकन खाली बसणार नाही, याचा अंदाज भाऊ त्या क्षणी घेतात.

भाऊंचं ज्ञान मात्र खोटं नव्हे. नवी डिझेल गाडी घेतलेला माणूस पहिल्याच ऑइल बदलानंतर चार दिवसांत पट्टी बघतो आणि घाबरतो. सोनेरी ऑइल काळंकुट्ट झालेलं असतं. भाऊ त्याला हसून परत पाठवतात. “काळं झालं म्हणजे काम करतंय.” हे शंभर टक्के खरं आहे. डिझेल जळताना काजळी धरते, त्यातली थोडी पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली ऑइलमध्ये उतरते, आणि ऑइलमधली रसायनं ती काजळी सुटी-सुटी तरंगत ठेवतात. ती रसायनं थकली की काजळी एकमेकींना धरून तळाशी बसते. त्याला मेस्त्रीलोक गाळ म्हणतात. हा गाळ इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमधल्या स्ट्रेनरची जाळी बुजवतो, मग ऑइल वर चढत नाही, आणि बेअरिंगं आणि टर्बो कोरडे पडू लागतात. गाळ धरला कशाने, हा प्रश्न मात्र अवघड असतो, आणि भाऊंचं उत्तर नेहमी सोपं असतं.

उत्तर गॅस्केट.

कारण भाऊंच्या स्वतःच्या जीपचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातलं पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळू न देणारं पॅकिंग, ऐन माळशेज घाटात गेलं होतं. रेडिएटरचा पाइप फाटला, पाणी संपलं, इंजिन तापलं, हेड उतरवावं लागलं, आणि धंद्याचा सगळा हंगाम गॅरेजवाल्याच्या घशात गेला. तेव्हापासून जगातल्या प्रत्येक इंजिनाचं गॅस्केट गेलेलं आहे, फक्त काहींना ते अजून कळलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात बाकावर आले मास्तर. कल्याणला शाळेत विज्ञान शिकवणारे. घर शहापुरात, स्टेशन आसनगावला, अंतर तीन-एक किलोमीटर. सकाळी गाडी स्टेशनला लावायची, कसारा लोकल पकडायची, संध्याकाळी तीच गाडी घरी. डिझेल स्वस्त आणि मायलेज भरपूर म्हणून त्यांनी जुनी डिझेल गाडी घेतली होती. फियाटने घडवलेलं आणि मारुती, टाटा, फियाट अशा कितीतरी गाड्यांत बसलेलं १२४८ सीसीचं इंजिन. मास्तरांची तक्रार अशी, की ऑइलचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला आणि ऑइलचं झाकण उघडलं तर त्याच्या आतून पिवळट तपकिरी फेस निघाला.

“आधी गाडी बंद करा,” भाऊ म्हणाले. हा त्या दिवसाचा सर्वांत मोलाचा सल्ला होता, पण भाऊंनी तो इतक्या सहज दिला की कोणाच्या लक्षातही राहिला नाही. मग त्यांनी फेस बोटावर घेतला. “गॅस्केट. लिहून घ्या.”

एव्हाना माणसं जमली होती, आणि प्रत्येकाचं आपापलं निदान तयार होतं. टेम्पोवाला म्हणाला, डिझेलमध्ये भेसळ आहे. त्याच्या टेम्पोचा पंप भेसळीनेच गेला होता. स्पेअर पार्टवाले शेठ म्हणाले, ऑइल नकली असणार, डबा कुठून घेतलात? म्हणजे त्यांच्याकडून घेतला नव्हता. गॅरेजचा तरुण मेस्त्री स्कॅनर घेऊन आला, गाडीला जोडला आणि म्हणाला की काहीच दिसत नाही. ते बरोबरच होतं. स्कॅनरला सेन्सरचं बोलणं ऐकू येतं, चेंबरच्या तळाला काय साचलंय ते त्याला कोण सांगणार?

मास्तर विज्ञानाचे, म्हणून त्यांनी प्रयोग मागितला. भाऊंना प्रयोग येतात. त्यांनी मास्तरांच्या पिशवीतला फिल्टर पेपर घेऊन त्यावर ऑइलचा एक थेंब टाकला. चांगलं ऑइल असेल तर काजळी कागदावर दूरवर पसरत जाते आणि कडेला फिकट होते. इथे काळा ठिपका मधोमध गोळा होऊन बसला, कडा धारदार. म्हणजे काजळी तरंगत ठेवायची ताकद संपलेली. दुसऱ्या प्रयोगासाठी भाऊ वडापावच्या गाडीकडे वळले. गरम लोखंडावर ऑइलचा थेंब टाकला आणि त्यात हजार भागांत एखादा भाग पाणी असलं, तरी तडतड ऐकू येते. वडापाववाल्याने तव्याला हात लावू दिला नाही. बऱ्याच विनवण्यांनंतर त्याने एक मोडकी पळी दिली. पळी तापली, थेंब पडला आणि चर्रर्र तडतडला.

“पाणी!” भाऊंनी सगळ्यांकडे पाहिलं. “आता बोला.”

पाणी होतं हे खरं. तानसा आणि भातसाच्या तालुक्यात पाण्याचं नवल ते काय. मुंबईची तहान भागवून उन्हाळ्यात स्वतः टँकरची वाट पाहणारा तालुका हा. पण ते चेंबरमध्ये आलं कुठून, हे तडतडीतून कळत नाही. मेस्त्रीने कूलंटची टाकी दाखवली. पातळी खुणेवर, रंग स्वच्छ, ऑइलचा तवंग नाही. इंजिन चालू असताना बुडबुडे नाहीत. कूलिंगच्या लाइनीत हवेचा दाब भरून अर्धा तास ठेवला, काटा हलला नाही. गॅस्केट गेलं असतं तर यातलं काहीतरी बोललं असतं.

उत्तर मास्तर दरवर्षी फळ्यावर लिहीत होते. इंधन जळलं की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. एक लिटर डिझेल जळलं की साधारण लिटरभरच पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, थोडी रिंगांवरून खाली चेंबरमध्ये उतरते. गाडी तासभर पळाली की ऑइल शंभर अंशांच्या आसपास तापतं आणि ती वाफ ब्रीदरमधून बाहेर पडते. आसनगावपर्यंतच्या तीन किलोमीटरांत ऑइल जेमतेम कोमट होतं. त्यातून डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा उशिरा तापतं. रोज सकाळ-संध्याकाळ थेंब-थेंब पाणी आत, बाहेर काहीच नाही. वर मास्तरांचा हिशेब असा, की गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटरही चालत नाही, तर ऑइल कशाला बदलायचं? पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर लिहिलंय. त्याच ओळीत पुढे ‘किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असतं. तिथवर वाचणारा गाडीमालक भाऊंनी अजून पाहिलेला नाही.

हे निदान कोणालाच आवडलं नाही. त्यात कोणी चोर नव्हता. भेसळ नाही, नकली डबा नाही, घाट नाही. गाडी कमी चालवली म्हणून बिघडली, हे ऐकायला कोण बाकावर येतं? असल्या भांडणाची सवय जगालाही आहे. टोयोटाच्या १९९७ ते २००२ च्या काही पेट्रोल इंजिनांत ऑइल घट्ट होऊ लागलं, तेव्हा कंपनी म्हणाली मालकांनी ऑइल वेळेवर बदललं नाही, मालक म्हणाले इंजिनच तसं आहे. शेवटी २००२ मध्ये कंपनीने तेहतीस लाखांच्या आसपास गाड्यांसाठी दुरुस्तीची जबाबदारी घेतली. आमच्या मास्तरांना कंपनीही भांडायला मिळाली नाही.

चेंबर उतरवला. तळाशी बोटभर जाड काळा थर. शेठ म्हणाले, डिझेल टाकून इंजिन धुऊन काढा. इथे भाऊंनी हात आडवा घातला, आणि योग्यच घातला. असं धुतलं की वरचा गाळ एकदम सुटतो आणि जाळीत जाऊन बसतो. शिवाय या इंजिनात टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. दाब गेला तर खर्च गॅस्केटच्या कितीतरी पुढे जातो. त्याऐवजी जाळी साफ केली, फिल्टर बदलला, नवं ऑइल घातलं. हजार किलोमीटरांनी पुन्हा बदलायचं, आणि दर रविवारी गाडी माळशेजपर्यंत नेऊन आणायची. काढलेलं काळं ऑइल जमलेल्यांपैकी एकाने बाटलीत भरून नेलं. त्याच्या गोठ्याच्या मेढींना वाळवी लागली होती.

मास्तरांच्या घरी या औषधाला कोणाचाही विरोध झाला नाही. पहिल्या दोन-तीन रविवारी मागच्या सीटवर भाऊही होते, देखरेखीसाठी. जिथे आपली जीप बंद पडली तो बांध त्यांनी प्रत्येक वेळी दाखवला.

दिवाळीनंतर बाकासमोर एक नवी बीएस-६ डिझेल गाडी थांबली. मालक गोंधळलेला. म्हणाला, ऑइल कमी होत नाही, वाढतंय. भाऊ उठले, पट्टी काढली, नाकाशी नेली. डिझेलचा वास येत होता. या गाड्यांच्या सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर जाळून साफ करायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं, आणि ते काम अर्ध्यात थांबलं की डिझेल ऑइलमध्ये उतरतं. भाऊंनी तोंड उघडलं, तेवढ्यात बाजूला उभे असलेले मास्तर पुढे सरकले.

“तुम्ही गाडी फक्त स्टेशनपर्यंतच नेता ना?”

मालक चपापला. “हो. तुम्हाला कसं कळलं?”

“मास्तर,” भाऊ म्हणाले, “पट्टी कोणाच्या हातात आहे?”